मोतीबिंदू ‘पिकतो’ तेव्हा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार इतकी होती. तिन्ही शहरांची घडण वेगवेगळी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत उल्हासनगर वसविले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालय, आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांसाठी ओळखले जाते. तर बदलापूरच्या आसपास उल्हास व बारवी नद्यांच्या खोऱ्यांत भातशेतीची गावे आणि आदिवासी पाडे आहेत. तथापि घरातील वृद्ध माणसाची नजर मंदावली की बराकीत, कामगार वसाहतीत आणि पाड्यावर, महाराष्ट्रात इतरत्र मिळतो तोच सल्ला मिळतो : “मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकू द्या.”

या सल्ल्याला एके काळी वैद्यकीय आधार होता. आज तो उरलेला नाही. उलट तो पाळल्याने दृष्टी कायमची जाण्याचा धोका संभवतो. असे का व्हावे, हे समजण्यासाठी मोतीबिंदू पिकतो म्हणजे डोळ्याच्या आत नेमके काय घडते, याकडे पाहावे लागते. ही माहिती शास्त्रज्ञांना ज्या मार्गांनी मिळाली त्यांपैकी एक महत्त्वाचा मार्ग प्रयोगशाळेतील उंदराच्या डोळ्यातून गेलेला आहे.

जन्मापूर्वीचे प्रथिन

बाहुलीच्या मागे, मसुराच्या दाण्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी फुगीर असे एक पारदर्शक भिंग असते. प्रौढ माणसात त्याचा व्यास ९ ते १० मिलिमीटर असतो. त्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. सभोवतालच्या द्रवातून त्याचे पोषण होते आणि त्याच्याभोवती एक पातळ, बंद वेष्टन असते.

या वेष्टनाच्या आत पुढील बाजूस पेशींचा एकेरी थर असतो. भिंगाच्या कडेला पोचलेली पेशी हळूहळू लांबट होऊ लागते व तिचा तंतू बनतो. तंतू बनताना ती एक विलक्षण गोष्ट करते. आपले केंद्रक आणि ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक ती स्वतःच पचवून टाकते, कारण हे घटक प्रकाशाच्या वाटेत आले असते तर प्रकाश विखुरला असता. पारदर्शकतेसाठी दिलेली ही किंमत मोठी आहे. केंद्रक गेलेल्या पेशीला नवे प्रथिन तयार करता येत नाही. जे आहे त्यावरच तिला जन्मभर भागवावे लागते. त्वचेच्या जुन्या पेशी झडून जातात, पण बंद वेष्टनातल्या भिंगाला तीही सोय नाही. नवे तंतू जुन्यांवर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे चढत राहतात आणि सर्वांत जुने तंतू, म्हणजे माणूस आईच्या गर्भात असताना तयार झालेले, मध्यभागी तसेच राहतात.

उल्हासनगरमध्ये १९४७ पूर्वी सिंधमध्ये जन्मलेली माणसे आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत. त्यांचे घर, गाव, शेती सारे मागे राहिले. परंतु डोळ्यांतील भिंगाच्या गाभ्यात असलेले प्रथिन मात्र तेच आहे, जे त्यांच्या आईच्या पोटात सिंधच्या अन्नपाण्यावर तयार झाले. ही केवळ कल्पना नव्हे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये मृत व्यक्तींच्या भिंगांतील प्रथिनांची किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने तपासणी केली. १९५० ते १९६५ च्या दरम्यान झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील या कार्बनचे प्रमाण वाढले व नंतर दरवर्षी घटत गेले, त्यामुळे त्याची नोंद एखाद्या तारखेसारखी वापरता येते. भिंगाच्या गाभ्यात त्या व्यक्तीच्या जन्माच्या सुमाराचाच कार्बन आढळला. पुढे २०१६ मध्ये याच पद्धतीने ग्रीनलंडच्या समुद्रातील शार्क माशांची वये काढण्यात आली व त्यांतील सर्वांत मोठा मासा किमान २७२ वर्षांचा ठरला. डोळ्याचे भिंग हे शरीराचे दप्तरखाने आहे असे म्हटले तरी चालेल.

या प्रथिनांना क्रिस्टॅलिन असे नाव असून त्यांचे आल्फा, बीटा आणि गॅमा हे तीन गट आहेत. भिंगाच्या वजनाचा सुमारे एक-तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. इतके दाट प्रथिन असूनही भिंग पारदर्शक कसे, हा प्रश्न बराच काळ कोड्यात टाकणारा होता. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ मध्ये त्याचा उलगडा मांडला. सकाळच्या लोकलच्या गच्च भरलेल्या डब्यात प्रवासी इतके दाटीने उभे असतात की प्रत्येकाभोवतालची जागा जवळजवळ सारखीच राहते. क्रिस्टॅलिनचे कणही असेच एकसारख्या दाटीने उभे असतात, आणि त्यांच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना रद्द करतात. कणांचे घोळके झाले, की कोठे गर्दी व कोठे पोकळी निर्माण होते, प्रकाश विखुरू लागतो आणि भिंग पांढुरके दिसते. अंड्याचा पांढरा भाग कच्चा असताना पारदर्शक व उकडल्यावर शुभ्र दिसतो, त्याचेही कारण हेच. उष्णतेने तेथील प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. मोतीबिंदूत जे घडते ते याच जातीचे, फक्त ते काही मिनिटांत न होता साठ-सत्तर वर्षांत होते.

मात्र भिंगाजवळ एक राखणदार आहे. आल्फा गटातील प्रथिने केवळ प्रकाश वळविण्याचे काम करीत नाहीत. घडी विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवणे व त्यांना गोळा होऊ न देणे हेही त्यांचे काम आहे, हे जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ मध्ये दाखविले. राखणदारांची ही संख्या मर्यादित आहे. गाभ्यात नवे राखणदार येत नाहीत, आणि एकदा धरलेले सोडता येत नाही. चाळिशी-पन्नाशीपर्यंत माणसाच्या भिंगाच्या गाभ्यातील विद्राव्य आल्फा क्रिस्टॅलिन जवळजवळ संपलेले असते. त्यानंतरचा काळ हा राखणीविना जाणारा काळ होय.

उंदराच्या डोळ्यात

माणसाच्या भिंगाचे तुकडे काढून दर महिन्याला तपासता येत नाहीत. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, भिंगाची रचना माणसासारखी, आणि क्रिस्टॅलिनची जनुकेही बहुतांशी तीच. शिवाय एखादे जनुक निकामी करून त्याचा परिणाम पाहण्याचे तंत्र उंदरात १९८० नंतर साध्य झाले. त्यामुळे वर वर्णन केलेल्या साखळीतील एकेक कडी तोडून पाहणे शक्य झाले.

१९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी आल्फा-ए क्रिस्टॅलिन नसलेला उंदीर तयार केला. त्याचे भिंग आकाराने लहान राहिले, काही आठवड्यांतच त्याच्या गाभ्यात धूसरपणा आला व तो वाढत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंमध्ये घट्ट गोळे दिसले. या गोळ्यांत मुख्यतः आल्फा-बी, म्हणजे नाहीशा झालेल्या राखणदाराचा भाऊबंदच, अडकलेला होता. एक राखणदार गेला की दुसराही निभाव धरू शकत नाही, असा याचा अर्थ.

त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात प्रथिनाला हात न लावता पेशीपेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नलिकांपैकी एक प्रकार काढून टाकण्यात आला. रक्तवाहिन्या नसलेल्या भिंगात आतल्या तंतूंचा सारा व्यवहार या नलिकांवर चालतो. असे उंदीर जन्मले तेव्हा भिंगे निरोगी दिसत होती, परंतु दोन-तीन आठवड्यांत गाभा पांढरा झाला. तेथे गॅमा क्रिस्टॅलिनचे तुकडे पडलेले आढळले. तंतूत कॅल्शियम साठते, त्याने प्रथिने कापणारी विकरे जागी होतात आणि कापलेले तुकडे एकमेकांना चिकटतात, असा क्रम पुढील अभ्यासांतून दिसून आला.

जपानमध्ये २००३ साली झालेला प्रयोग कदाचित सर्वांत बोलका म्हणावा लागेल. तंतू बनताना पेशी आपले केंद्रक पचविते, हे वर सांगितलेच आहे. त्यातील डीएनए पचविणारे विकर ज्या उंदरात नव्हते, त्याच्या भिंगात न पचलेला डीएनए पडून राहिला आणि तेवढ्यानेच मोतीबिंदू झाला. साफसफाई अर्धवट राहिली तरी घर अंधारते.

आणखी एक कडी आहे ती ग्लुटाथायोन या संयुगाची. ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांपासून ते प्रथिनांचे रक्षण करते. ते कमी पडले की प्रथिनांमधील गंधकाचे अणू एकमेकांशी जखडले जातात व एकदा जखडलेली प्रथिने पाण्यात पुन्हा विरघळत नाहीत. हे संयुग मुख्यतः भिंगाच्या बाहेरील थरात तयार होते आणि तेथून गाभ्यापर्यंत झिरपत जाते; वय वाढले की ही वाट मंदावते. भिंगात ग्लुटाथायोन तयारच होणार नाही असे उंदीर अमेरिकेत २०१२ मध्ये निर्माण करण्यात आले व त्यांना माणसाच्या वार्धक्यातील मोतीबिंदूसारखा गाभ्याचा मोतीबिंदू झाला.

उंदराच्या प्रयोगांतून निघणारा प्रत्येक निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मधुमेहाचेच उदाहरण पुरेसे आहे. साध्या उंदराला मधुमेह झाला तरी त्याला सहसा मोतीबिंदू होत नाही, कारण साखरेपासून सॉर्बिटॉल बनविणारे विकर त्याच्या भिंगात फारच कमी असते. हाँगकाँगमधील संशोधकांनी १९९५ मध्ये हे विकर उंदराच्या भिंगात मुद्दाम वाढविले, आणि मग मधुमेही उंदरांची भिंगे धूसर होऊ लागली. सॉर्बिटॉल तंतूतून सहजी बाहेर पडत नाही, ते पाणी ओढून घेते व तंतू फुगतात. माणसाच्या भिंगात हे विकर आहे. तसेच जास्तीची साखर क्रिस्टॅलिनला थेट चिकटून त्याचा रंग पालटते. मधुमेही माणसाला मोतीबिंदू लवकर का गाठतो, हे त्यावरून कळते.

पिकण्याची जुनी आणि नवी गोष्ट

आता ‘पिकणे’ या शब्दाकडे वळता येईल. धूसरपणा वाढत जाऊन भिंगाचे सर्व थर पांढरे झाले म्हणजे मोतीबिंदू पिकला असे म्हणतात. जुन्या शस्त्रक्रियेत भिंगाचे वेष्टन उघडून आतील भाग बाहेर काढीत. अर्धवट धूसर भिंगाचा बाहेरचा थर चिकट असल्याने तो डोळ्यात मागे राहत असे व त्यापासून दाह होई. पूर्ण पिकलेले भिंग मात्र सुटून येई. वाट पाहण्याच्या सल्ल्याचे मूळ येथे आहे. पुढे संपूर्ण भिंग वेष्टनासह काढण्याची पद्धत आली. तिच्यानंतर जो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे, तो १९७० व ८० च्या दशकांतील नेत्रशिबिरांची आठवण असलेल्या अनेकांनी पाहिला असेल. असा चष्मा वापरण्यापेक्षा दिसते आहे तोवर थांबावे, असे रुग्णालाही वाटत असे.

कृत्रिम भिंगाने हा सारा हिशेब बदलला. लंडनमधील नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांनी पहिले कृत्रिम भिंग १९४९ मध्ये बसविले. योगायोगाने उल्हासनगरला हे नाव मिळाले तेही त्याच वर्षी. ते भिंग सामान्य रुग्णापर्यंत पोचण्यास मात्र चार दशके लागली. केंद्र शासनाने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू केला होता. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबविण्यात आला, त्यांत महाराष्ट्राचा समावेश होता, आणि जाड चष्म्याच्या जागी कृत्रिम भिंग ही शासकीय रुग्णालयातही नित्याची गोष्ट झाली. आजच्या पद्धतीत भिंगाचा गाभा लहानशा छेदातून काढतात किंवा ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात. त्यासाठी तो पिकलेला असण्याची गरज नाही. किंबहुना जुनाट, तपकिरी, दगडासारखा गाभा फोडणे अधिक कठीण जाते.

वाट पाहत राहिल्यास प्रथिनांचे काम थांबत नाही. फुगलेले भिंग बुबुळाला पुढे ढकलते व डोळ्यातील द्रव वाहून जाण्याचा कोपरा बंद करू शकते. त्याही पुढे बाहेरील थर विरघळून दुधासारखा होतो, कठीण गाभा त्यात खाली बसतो, आणि जन्मभर ज्या प्रथिनांना बंद ठेवले होते ती झिजलेल्या वेष्टनातून पाझरू लागतात. प्रथिनांचे मोठे कण, तसेच ते गिळण्यासाठी धावून आलेल्या पेशी द्रवाच्या निचऱ्याच्या वाटा तुंबवितात. डोळा लाल होतो, असह्य दुखू लागतो, दाब वाढतो. या दाबाने दृष्टीचा मज्जातंतू मेला तर पुढे कितीही उत्तम भिंग बसविले तरी उपयोग होत नाही. धूसर भिंग बदलता येते, मज्जातंतू बदलता येत नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीवरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे दर तिघांपैकी दोघे अशा कारणाने आंधळे होते, ज्यावर उपाय उपलब्ध आहे आणि शासकीय रुग्णालयात तो विनामूल्य आहे.

तेव्हा शस्त्रक्रिया केव्हा करावी, याचे उत्तर भिंगाच्या रंगावर नव्हे तर माणसाच्या कामावर अवलंबून असते. तांदूळ निवडणे, पाड्यावरून संध्याकाळी परतणे, बसची पाटी वाचणे यांत अडथळा येऊ लागला की तपासणी करून घ्यावी. एका डोळ्याने नीट दिसते म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, असाच डोळा बहुधा पिकून दुखू लागेपर्यंत राहून जातो.

मोतीबिंदू विरघळविणारे थेंब म्हणून जे विकले जाते त्याबद्दलही येथे सांगणे आवश्यक आहे. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने कुत्र्यांच्या भिंगातील धूसरपणा कमी झाल्याचे एका प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभर आशा निर्माण झाली होती. परंतु भारतात शस्त्रक्रियेतून काढलेले मानवी भिंगांचे गाभे याच पदार्थाच्या द्रावणात ठेवून पाहिले असता ते स्वच्छ झाले नाहीत. जखडलेली, कापलेली, साखर चिकटलेली प्रथिने केवळ सुटी करून भागणार नाही, हे वरील विवेचनावरून लक्षात येईल. संशोधन सुरू आहे, तथापि माणसाचा मोतीबिंदू थेंबाने नाहीसा होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. दुकानातून सल्ल्याशिवाय घेतलेल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते व त्याच्या दीर्घकाळ वापराने उलट मोतीबिंदू होतो.

ज्या गोष्टींमुळे प्रथिनांची ही झीज वेगाने होते त्यांतील काही टाळता येण्यासारख्या आहेत. मधुमेह आटोक्यात ठेवणे ही पहिली. तंबाखूचे धूम्रपान, उन्हातील अतिनील किरण आणि भट्टीची धग या इतर. युरोपातील काचकारखान्यांत वर्षानुवर्षे तापलेल्या काचेकडे पाहणाऱ्या कामगारांना लवकर मोतीबिंदू होतो, हे फार पूर्वी लक्षात आले होते. तेव्हा अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत भट्टीपुढे काम करणाऱ्यांनी संरक्षक चष्मा वापरणे हा शिस्तीचा नव्हे, दृष्टीचा प्रश्न आहे. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध भारतातील अनेक पाहण्यांत दिसून आला असून लाकूडफाट्यावर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना त्याची झळ अधिक बसते.

शिक्षक आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या नजरेस येऊ शकेल असा एक निराळा प्रकार म्हणजे बालकांचा मोतीबिंदू. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे भिंगाचे पहिले तंतू विणले जात असतानाच, आईला रुबेला झाला तर विषाणू त्या तंतूंत शिरतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ मध्ये दाखवून दिला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१८ मध्ये हाती घेण्यात आली व ती लस आता नियमित लसीकरणात आहे. तान्ह्या मुलाची बाहुली काळी न दिसता पांढुरकी दिसली, तर एक दिवसही न दवडता त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. ते डोळ्यातील गाठीचेही लक्षण असू शकते. आणि मोतीबिंदू असला तरी पहिल्या काही आठवड्यांत प्रकाश आत गेला नाही, तर पाहणे कसे ते मेंदू शिकतच नाही. येथे तर पिकण्याची भाषा सर्वथा अस्थानी आहे.

शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनी “मोतीबिंदू पुन्हा आला” अशी तक्रार काही जण करतात व त्यावरून शेजारच्यांनाही शस्त्रक्रियेपासून परावृत्त करतात. काढून टाकलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही. नवे भिंग ज्या वेष्टनात बसवितात, त्यात पुढच्या थरातील काही पेशी मागे राहिलेल्या असतात. जन्मभर तंतू विणण्याची सवय असलेल्या या पेशी रिकाम्या जागेत पसरतात, मागच्या पडद्यावर चढतात आणि तो धूसर करतात. लेसर किरणांनी त्या पडद्याच्या मध्यभागी छिद्र पाडले की नजर पूर्ववत होते. या उपचाराला काही मिनिटे लागतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.